एका गटाच्या दोन खोल्या

"तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पाय टाकू नये."

आक्काचं हे वाक्य आमच्या भागात लहान पोरांनाही पाठ होतं. ट्यूब विकत घेताना ती ते म्हणायची, डॉक्टर बदलताना म्हणायची, आणि मुलासाठी मुलगी पाहायला गेली तेव्हा मुलीच्या बापासमोरही म्हणाली. तो बिचारा कसनुसा हसला. म्हणाला, "मग आक्का, आमचं घर कितवं?"

"तिसरं," आक्का म्हणाली. "पाय टाकलाय. आता चहा टाका."

हायवेच्या वळणावर, वजनकाट्याला लागून तिचं टायरचं दुकान. पत्र्याचं छप्पर, पुढे तेलाने काळी झालेली जमीन, कडेला माणसाच्या छातीएवढ्या उंचीची टायरांची रास. आक्का साठीची. केस पांढरे, पण दंड असे की ट्रकचं चाक एकटी उभं करायची. टायर रिमवरून उपसायची जी लोखंडी पहार असते, तिला दुकानात टॉमी म्हणत. हातभर लांब, टोकाला चपटी. ती टॉमी आक्काच्या हातात अशी शोभायची, जशी दुसऱ्या बाईच्या हातात लाटणं.

तिचा नवरा त्याच जागी मेला. ट्रकच्या चाकात हवा भरत होता. टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग नीट बसली नव्हती. हवा कोंडली, रिंग सुटली आणि त्याच्या छातीवर आली. आक्का पाच पावलांवर चहा गाळत होती. तिने वळून पाहिलं तेव्हा माणूस भिंतीला टेकून बसलेला होता आणि छाती आत गेलेली होती. तेराव्या दिवशी तिने दुकान उघडलं. "हवा दिसत नाही म्हणून गरीब वाटते," ती म्हणायची. "कोंडली की माणूस मारते."

तिच्यातही तशीच हवा कोंडलेली होती. एकदा एका ड्रायव्हरने पैसे देताना तिचा हात उगाच धरून ठेवला. आक्काने दुसऱ्या हाताने त्याची मान पकडली आणि पंक्चर तपासायच्या पाण्याच्या टाकीत त्याचं डोकं बुडवलं. बुडबुडे येऊ दिले. मग वर काढलं आणि रांगेतल्या बाकीच्यांना म्हणाली, "पंक्चर नाही. नुसती हवा जास्त झालीय." लोक हसले. तो ड्रायव्हर पुढची दोन वर्षं टायर बदलायला तिच्याकडेच येत होता, हे विशेष.

असं हे घर. मारायला न डरणारं, आणि मार खाऊन न रडणारं. मुलगाही तिच्याच मातीचा. ट्रक चालवायचा, रागीट होता. तो रागीट होता हे आक्का कधी लपवत नसे.

त्याचा खून झाला तो माल भरायच्या आवारात, भर दुपारी. ट्रकची रांग लागली होती. बोका नावाने ओळखला जाणारा एक ड्रायव्हर रांग मोडून पुढे घुसला. डोळे घारे आणि चाल दबकी, म्हणून बोका. शब्दाला शब्द लागला. आधी हात उचलला तो आक्काच्या मुलाने, दोन थोबाडीत दिल्या. बोका वळला. आपल्या गाडीकडे गेला, चाकाचा पाना घेऊन आला आणि मागून मारला. पहिला घाव खांद्यावर. दुसरा कानामागे. मुलगा पडला. बोक्याने त्याच्या अंगावर वाकून, जागा पाहून, तिसरा घाव घातला.

त्या तिसऱ्या घावावर सगळा खटला उभा होता. बोका म्हणत होता, त्याने मारलं म्हणून मी मारलं, दोन फटके बसले, तो पडला, संपलं. डोकं दगडावर आपटून फुटलं. रांगेतले बाकीचे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही मागे होतो, काही दिसलं नाही. तिसरा घाव पाहणारं माणूस एकच. आक्काची सून. ती नवऱ्याचा डबा घेऊन आली होती आणि दहा पावलांवर उभी होती.

सरकारी वकीलबाईंनी आक्काला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं, "तुमच्याबद्दल मी बरंच ऐकलंय. एक लक्षात ठेवा. साक्ष होईपर्यंत तुम्ही बोक्याला बोट जरी लावलंत, तर समोरचा वकील म्हणेल, हे घरच मारकुटं, मुलानेही असाच जीव घ्यायला हात टाकला होता. सुनेच्या साक्षीला मग कुत्रं विचारणार नाही."

"आणि साक्ष झाल्यावर?"

"आक्का!"

"विचारलं नुसतं."

दुकानात मात्र ती सगळ्यांना उघड सांगायची. बोका माझ्या हाताच्या अंतरावर आला, त्या दिवशी त्याचा हिशेब पुरा. टॉमी दाखवून सांगायची.

बोक्याच्या लोकांनी गडबड करू नये म्हणून खटला दूरच्या शहरातल्या कोर्टात गेला. बसने अर्धा दिवस. प्रत्येक तारखेला एक मुक्काम ठरलेला, तारीख लांबली तर दोन. आणि इथे आक्काने आपल्या आयुष्यातलं दुसरं भांडण सुरू केलं, ते हॉटेलांशी.

तिच्याकडे कार्डं होती. नवरा ड्रायव्हर होता तेव्हापासूनचं चालक संघटनेचं कुटुंबाचं कार्ड. ज्येष्ठांचं कार्ड. बँकेचं एक. दुकानाच्या फोनवरून ती कोर्टाजवळच्या एकेका हॉटेलला फोन लावी, आणि टायरवर खुणा करायच्या पिवळ्या खडूने एका जुन्या टायरच्या काळ्या कडेवर भाव लिहीत जाई. गोल गोल. भाव पाहायचा तर टायर फिरवावा लागे.

"चालक संघटनेच्या कार्डावर किती सूट?"

"शेकडा पंधरा," पलीकडून काउंटरवरचा माणूस म्हणे. हा चष्मेवाला, पन्नाशीतला, आवाजाने थकलेला.

"ज्येष्ठांना?"

"दहा."

"मी दोन्ही आहे. पंचवीस झाले."

"दोन्ही सवलती एकत्र होत नाहीत, बाई."

"का होत नाहीत? म्हातारी झाले म्हणून नवऱ्याची संघटना सुटली काय माझी?"

"नियम आहे तसा."

"आणि तुमच्या हॉटेलचं स्वतःचं सभासदाचं कार्ड घेतलं तर?"

"बारा टक्के. पण दहाव्या मुक्कामाला एक रात्र मोफत."

"म्हणजे माझ्या पोराचा खटला दहा तारखा चालणार असं धरून चाललात तुम्ही."

चष्मेवाला म्हणाला, "बाई, हे हॉटेल आहे, भाजीबाजार नाही."

"म्हणून तर विचारते. भाजीवाला निदान भाजी दाखवतो."

तीन हॉटेलं टायरवर उतरली आणि चष्मेवाल्याचंच पक्कं झालं. पहिल्या तारखेला पंधरा टक्के सूट मिळाली. दुसऱ्या तारखेपासून बिलावर आपोआप चाळीस टक्के यायला लागले. आक्काला वाटलं, आपण फोनवर धरून धुतलं म्हणून चष्मेवाला नमला. सगळ्या हायवेभर तिने ते सांगितलं. "चाळीस! कार्ड तेच, जीभ माझी." दुसऱ्या कुणी त्या शहरात मुक्कामाला निघालं तर तिच्याकडे येऊन विचारी, आणि ती टायर फिरवून भाव वाचून दाखवी. दुःखात बुडालेल्या बाईला गर्व करायला एवढीच एक गोष्ट उरली होती. आम्ही तो करू दिला.

तिसऱ्या तारखेला सकाळी हॉटेलच्या जेवणघरात ती पाव घ्यायला उठली आणि पुढे एक म्हातारा उभा दिसला. वाकलेला, हातात अंड्याची बशी. बोक्याचा बाप. जुना बसड्रायव्हर. आक्काने विचार केला नाही. पावाचा स्टीलचा ट्रे उचलला आणि त्याच्या कपाळावर मारला. एकदा, मग कडेने दुसऱ्यांदा. अंडी जमिनीवर, रक्त बुशकोटावर, पाव टेबलांखाली. दोन वेटरांनी तिला मागे ओढलं, तेव्हा त्यांतल्या एकाचा अंगठाही दुखावला. म्हाताऱ्याने रुमाल कपाळावर दाबला आणि मॅनेजरला सांगितलं, "माझा पाय घसरला."

पाच टाके पडले. तक्रार झाली नाही. वकीलबाईंनी आक्काला कोर्टाच्या व्हरांड्यात फाडून खाल्लं. "बापाला मारलं, मुलाला नाही," आक्का म्हणाली. "तुम्ही बोक्याचं नाव घेतलं होतं." पण पुढच्या तारखांना ती जेवणघरात गेली नाही. सून पाव खोलीत आणून देई.

दोन वर्षं अशी गेली. आणि सुनेच्या साक्षीची तारीख लागली.

त्याच आठवड्यात बोका जामिनावर सुटला. ही बातमी वकीलबाईंनी फोनवर दिली, तेव्हा आक्का एका चाकाच्या बोल्टावर जोर लावत होती. बोल्ट तुटला. पिशवी भरताना तिने सुनेच्या कपड्यांखाली टॉमी ठेवली, आणि सुनेने ती पाहिली.

"आई, हे कशाला?"

"कोर्टात नेणार नाही. खोलीत राहील."

"आई, मला बोलायचंय तिथं. दोन वर्षं मी तेवढ्याचसाठी जेवतेय."

"बोल की. तुझ्या जिभेला मी कुठे हात लावलाय?"

दुपारी त्या हॉटेलवर पोचल्या. चष्मेवाल्याने चावी दिली आणि सवयीने म्हणाला, "तुमच्या गटातली दुसरी खोली सकाळीच आलीय. यावेळी शेजारचीच दिलीय. मधलं दार उघडून देऊ का?"

"कसला गट?"

"तुमचाच. चालक संघटनेची एकच शाखा, तारखा त्याच. दोन खोल्या झाल्या की गट धरतात. म्हणून तर चाळीस टक्के, बाई. नाहीतर पंधराच."

आक्काने त्याच्या हातून वही ओढली. तिच्या नावाखाली, त्याच चौकटीत, त्याच कंसात बोक्याच्या बापाचं नाव. दोन वर्षांच्या सगळ्या तारखा. पहिली सोडून.

ती जिना चढून गेली ती सरळ शेजारच्या खोलीवर. दारावर मूठ मारली. म्हाताऱ्याने दार उघडलं, त्याच्या कपाळावर तिनेच दिलेली पांढरी रेघ होती. तिने त्याला गळपट्टीला धरून व्हरांड्याच्या भिंतीवर दाबलं.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या तारखेपासून. तुमचं बुकिंग झालं की मग मी करायचो."

"माझ्या पोराच्या मड्यावर सूट खातोस, मेल्या?"

म्हाताऱ्याचा श्वास अडकत होता. पण तो जुना ड्रायव्हर होता, चढावर गाडी कशी चालवायची ते जाणणारा. हळू म्हणाला, "तुम्हीपण खाता, बाई. मला पेन्शनीत परवडत नाही. तुम्हाला टायरात परवडत नाही. मी गेलो तर तुमचे पंधरा होतील, तुम्ही गेलात तर माझे."

आक्काचा हात सुटला. मारायला उचललेला दुसरा हातही खाली आला. कुणी तिला इतक्या साध्या शब्दांत कधी मारलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या मागे, खोलीत, पलंगावर बोका बसला होता. पायात मोजे, हातात चहाचा कप. त्याने कप वर केला, जसा ओळखीच्या माणसाला करतात. "या आक्का. आपण सगळे एकाच गटातले."

सुनेने मागून आक्काच्या कमरेला मिठी मारली आणि तिला ओढत खोलीत आणली. आक्का थरथरत होती. चाक फुटायच्या आधी रिम थरथरते, तशी.

"दुसरीकडे जाऊ, आई. आत्ताच्या आत्ता."

आक्काने फोन उचलला. इथेच ती चुकली, आणि असं चुकायला तीच पाहिजे. दुसरं कुणी असतं तर पिशवी उचलून रस्त्यावर गेलं असतं. आक्काने तीन ठिकाणी विचारलं. एक हॉटेल भरलेलं. एकात खोली होती, पण कोणतंच कार्ड चालत नव्हतं, दर दुप्पट. तिसरं शहराच्या पार टोकाला, कोर्टात वेळेवर पोचण्याची खात्री नाही. तिने फोन ठेवला. मधल्या दाराची कडी पाहिली, ती आपल्या बाजूला होती आणि बंद होती. तिने टेबल दाराला लावलं.

"मी का जाऊ? त्याने जावं. सकाळी चष्मेवाल्याला सांगून गट तोडते. माझे ज्येष्ठांचे दहा आणि सभासदाचे बारा मिळून बावीस तरी घेईन."

"आई, आजचा एक दिवस टक्के राहू द्या हो."

"टक्क्यांचं नाही गं," आक्का म्हणाली. "पाठ दाखवायची नाही मला." पण ते पूर्ण खरं नव्हतं, आणि सुनेलाही ते माहीत होतं.

रात्री काही झालं नाही. सकाळी ऊन खोलीत आलं. अकराला कोर्ट. नऊ वाजता सुनेने आरशासमोर केस विंचरण्यासाठी टेबल ओढून बाजूला घेतलं, आणि आक्का गट तोडायला खाली गेली.

खाली चष्मेवाला वैतागला होता. "बाई, गट तोडला तर कालच्या रात्रीपासून पंधरा लागेल."

"ज्येष्ठांचे दहा?"

"एकत्र होत नाहीत! दोन वर्षं सांगतोय!"

"मग सभासदाचं कार्ड आत्ता काढते. कालपासून धर."

"कालपासून कसं धरणार, आज काढून?"

"तुम्ही गट मला न विचारता दोन वर्षांपूर्वीपासून धरलात, तेव्हा कसं धरलंत?"

चष्मेवाला दरपत्रक काढायला वाकला, आणि तेवढ्यात वरून लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा.

बोक्याने मधल्या दारावर दोन लाथा घातल्या होत्या. पहिल्या लाथेत कडीचे स्क्रू निघाले, दुसऱ्या लाथेत दार भिंतीवर जाऊन आदळलं. सून आरशासमोर होती, तिने त्याला आधी आरशात पाहिलं. त्याने मागून तिचा गळा धरला आणि तोंड आरशावर दाबलं. आरसा तडकला. "काय पाहिलंस तू?" तो तिच्या कानात विचारत होता. "बोल की. दोन, का तीन? सांग मला, दोन का तीन?" प्रत्येक वेळी विचारताना तिचं तोंड काचेवर आपटत होता. तिने बोटं मागे नेऊन त्याच्या डोळ्यात घातली. त्याने तिला जमिनीवर फेकलं आणि गुडघा तिच्या छातीवर ठेवला.

साठीची बाई जिना कशी चढली, ते पुढे चष्मेवाल्यालाही सांगता आलं नाही. त्याने फक्त तिची चप्पल पायरीवर पडलेली पाहिली.

आक्का दारातून आली, पलंगाखालच्या पिशवीत हात घातला आणि टॉमी घेऊन उभी राहिली. बोका वळला. त्याने आडवा हात केला. पहिला घाव मनगटावर बसला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि पंजा भलत्याच दिशेला लोंबला. तो ओरडत उठला, डोकं खाली घालून तिच्यावर धावला. दुसरा घाव गळ्याजवळच्या हाडावर. तो गुडघ्यावर आला, मग पाठीवर पडला. पडला तो नेमका तिच्या पायांपाशी, उताणा.

आक्काने टॉमी दोन्ही हातांनी वर नेली.

मधल्या मोडक्या दारात म्हातारा उभा होता. ओठ फुटलेला. आपल्या मुलाचा पाय धरायला गेला होता, तेव्हा त्याची लाथ तोंडावर बसली होती. माझ्या पोराला सोडा, असं तो म्हणाला नाही.

जमिनीवरून सून बोलली. नाकातून रक्त येत होतं, आवाज फाटलेला. "आई, तो पडलाय."

आक्का तशीच उभी.

"आई, तो पडलाय. मी बघतेय."

आक्काने खाली पाहिलं. घारे डोळे तिच्याकडे पाहत होते, आणि पहिल्यांदाच त्यांत भीती होती. दोन वर्षं तिने हीच जागा, हेच अंतर, हाच हात झोपेत पाहिला होता. टॉमी वर होती ती वरच राहिली. मग तिच्या दंडातून बळ गेलं, आणि ती लोखंडाची पहार तिच्या मागे जमिनीवर पडली. फरशीचा कोपरा उडाला. आक्का खाली बसली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन पदराने नाक पुसू लागली.

पोलीस आले. बोक्याने स्ट्रेचरवरून जबाब दिला. दार या बायकांनीच तोडलं. मला बोलावलं, समजुतीचं बोलू म्हणून, आणि पहारीने मारलं. पहार आणलीच होती त्यांनी, घरून. हे शेवटचं तेवढं खरं होतं. समोरचा वकीलही दहा मिनिटांत पोचला, त्याच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. वकीलबाई दारात उभ्या राहिल्या, आरसा पाहिला, रक्त पाहिलं. "केलंत ना शेवटी," त्या एवढंच म्हणाल्या.

पोलीस अधिकारी म्हाताऱ्याकडे वळला. "तुम्ही इथेच होता. दार कुणी तोडलं?"

"बाबा, सांगा ना," बोका स्ट्रेचरवरून म्हणाला.

म्हाताऱ्याने रुमाल काढला, ओठ टिपला, रुमालाची घडी घातली. पुन्हा उलगडली. एवढा वेळ कुणी एका घडीला लावलेला मी ऐकला नाही.

"दार यानं तोडलं," तो म्हणाला. "दोन लाथा. मी पाय धरला होता."

"बाबा!"

"बाईनं दोन मारले. तो उभा असताना." मग त्याने अधिकाऱ्याकडे नाही, मुलाकडे पाहिलं. "पडल्यावर नाही मारलं. हात वर होता. पडल्यावर नाही मारलं."

बोक्याने मान फिरवली.

डॉक्टर म्हणाले, बाईला आज झोपवा. सून म्हणाली, आज अकरा वाजता मी उभी राहणार. नाकात कापूस, गळ्यावर पाच बोटांच्या निळ्या खुणा, अशी ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या वकिलाने तास दीड तास तिला उलटंसुलटं विचारलं. दोन का तीन, तोही विचारत होता, पण आता आरसा नव्हता. "तीन," ती प्रत्येक वेळी म्हणाली. "तिसरा पडल्यावर. वाकून. जागा पाहून."

आक्काला आत जाऊ दिलं नव्हतं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला होता, मनगट मोडल्याचा आणि हाड मोडल्याचा. पोलीस अधिकारी भला माणूस, साक्ष संपेपर्यंत त्याने तिला बाहेरच्या बाकावर बसू दिलं. बंद दारातून सुनेचा आवाज यायचा. शब्द कळत नव्हते, पण आवाज पडत नव्हता एवढं कळत होतं. आक्का मान खाली घालून ऐकत होती.

पुढे बोक्याला जन्मठेप झाली आणि आक्कालाही थोडी शिक्षा झाली. सून दुकान चालवते, टॉमीही तिला चांगली चालवता येते. हे सगळं तिनेच सांगितलं, मी फक्त रचून लिहिलं. पण ते नंतरचं. त्या दुपारी यातलं काही ठरलेलं नव्हतं.

दार उघडलं. सून बाहेर आली, पांढरीफटक. आक्का उठली, तिच्याकडे पाहिलं.

"बोललीस?"

"बोलले."

"सगळं?"

"सगळं."

आक्काने मान हलवली. शिपायाने तिचा दंड धरायला हात पुढे केला, तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो हात त्याने आपल्या टोपीकडे नेला. "गाडी बोलावतो," अधिकारी म्हणाला. "किती लांब आहे ठाणं?" तिने विचारलं. "चार गल्ल्या." "मग चालते."

ती कोर्टाच्या पायऱ्या उतरली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात चष्मेवाल्याने दिलेली हॉटेलची पातळ सपात, त्यामुळे एक पाऊल वाजत होतं आणि एक नाही. शिपाई दोन पावलं मागे राहिला. उन्हात तिचे दंड आणि पांढरे केस लांबून दिसत होते. रस्ता ओलांडताना तिने एका गाडीला हात दाखवून थांबवलं, मग ती कोपऱ्यावर वळली.

वरच्या पायरीच्या एका टोकाला सून उभी होती, नाकाशी कापूस धरून. दुसऱ्या टोकाला बोक्याचा बाप. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती. दोघंही त्या कोपऱ्याकडे पाहत होती.